डेपोचा राखणदार

गुरुवारी सकाळी सव्वासहा वाजता चिमाने पाहिलं की वरवंट्याला डोळे बसवले आहेत. चांदीचे होते, मधे काळा मणी, आणि एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा वर बसला होता. चालण्याच्या ओघात ती दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. लगेच मागे वळली नाही. पाठीमागून आपल्याकडे कोणीतरी बघतंय असं तिला वाटलं आणि वाटलं म्हणून रागही आला, कारण तो वरवंटा होता. अकरा वर्षांपूर्वी तिनेच तो इथे आणला, करंजाच्या रोपाशेजारी खड्डा केला आणि अर्धा पुरून उभा केला. त्याआधी अठरा वर्षं ती त्याने वाटण वाटत होती. त्याची चपटी बाजू कोणती आणि टवका कुठे उडालेला आहे हे तिने डोळे मिटून सांगितलं असतं. आता टवका शेंदराखाली गेला होता. शेंदराचे थर चढून चढून दगड मूळच्या दीडपट जाड झाला होता, आणि आता त्याला नजर आली होती.

मग ती वळली. दोन झाडांच्या मधे फ्लेक्स बांधला होता. तो तिने सावकाश वाचला. वाचायला ती याच जागेवर शिकली होती, दुधाच्या पिशव्यांवरून आणि औषधांच्या खोक्यांवरून, त्यामुळे मोठी छापील अक्षरं तिला जमत. पुरातन स्वयंभू राखणदार. भव्य मंदिर उभारणी. भूमिपूजन रविवारी सकाळी दहा वाजता. खाली मंडळाच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो. अध्यक्ष महिपत. इथे कचऱ्याचा डेपो चालू होता तेव्हा तो मुकादम होता. फ्लेक्सच्या मागच्या झाडांवर कमरेच्या उंचीला पिवळे पट्टे मारलेले दिसले, तोडायच्या झाडांना मारतात तसे. ती एकेका झाडापाशी जाऊन पट्टा बोटाने पुसून बघू लागली. रंग वाळलेला होता. एकेचाळीस झाडं. करंज एकवीस, उंडी नऊ, बकुळ सहा, बाकी सातवीण. एकेचाळिसाव्यापाशी तिने हात साडीला पुसला, रंग लागलेला नसतानाही.

पायवाटेवर चालणारे येऊ लागले होते. पांढरे बूट, कानात वायर, काही जोडीने, काही एकटे, सगळे डावीकडून उजवीकडे फिरणारे. हे सगळे आता याला उद्यान म्हणत. फाटकाच्या फलकावर लिहिलं होतं की पूर्वी ही पडीक जागा होती. पडीक हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हापासून चिमाला खटकत आला होता. रोज बारा ट्रॅक्टर रिकामे होत ती जागा पडीक कशी? तिला चालताना पायाखालचं सगळं ठाऊक होतं. बाकड्यांची रांग आहे तिथे मासळीबाजाराची घाण पडायची, म्हणून तिथल्या उंड्या सगळ्यात दाट. मुलांच्या घसरगुंडीखाली पाडलेल्या घरांची खडी, तिथे आजही दूर्वासुद्धा धरत नाहीत. पलीकडे हॉटेलांचं, त्यापुढे दवाखान्यांचं, जिथे ती कधी अनवाणी गेली नाही. मधूनमधून जमिनीतून पांढरे पाइप वर आलेले होते, टोकाला वाकवलेले. शहरातले लोक ते नळ असतील असं समजून मुलांना दाखवत. खालून वायू निघायची ती वाट होती. थंडीच्या सकाळी पाइपाच्या तोंडाशी हात धरला की ऊब लागते हे चिमाशिवाय कोणाला माहीत नव्हतं. अजून शिजतंय खाली, असं ती मनात म्हणे. तिला ते बरं वाटे. जे पुरलं ते संपलेलं नाही.

वरवंटा रामाने आणला होता. रामा म्हणजे तिचा नवरा, कचऱ्याच्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर. चिमा पूर्णगडच्या खाडीकाठची पोर, आईच्या डोक्यावर माशांची पाटी बघत वाढलेली, लग्न करून आली ती डेपोच्या कडेच्या पत्र्याच्या खोपटात. पहिल्या वर्षी तिला जेवण जात नसे. पूर्णगडलाही वास होता, पण तो माशांचा, आणि त्याला भरती-ओहोटी होती. इथला वास कधी हलत नसे. एका संध्याकाळी रामा पाटा एका खांद्यावर आणि वरवंटा काखेत असा आला. ‘कोणीतरी मिक्सर घेतलान,’ म्हणाला. तिने तो तीनदा धुतला, मिठाने घासला, मग वास घेतला. नुसता दगडाचा वास. त्या रात्री तिने बांगड्याचं सार केलं आणि पहिल्यांदा पोटभर जेवली. पुढे नम्रता झाली तेव्हा बारशाला बोलवायला कोणी नव्हतं. डेपोवरच्याच चार बायका आल्या. रीतीप्रमाणे त्यांनी वरवंट्याला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं, पाळण्याखालून वरून फिरवलं आणि पोरीशेजारी निजवलं. नम्रताने झोपेत त्याच्यावर हात टाकला होता. ते चिमाला आजही दिसतं. काळा दगड आणि त्यावर पाच बोटं. म्हणजे त्याला तेव्हाही एकदा जीव दिला होता. तेव्हा मात्र तो तेवढ्यापुरता होता. संध्याकाळी त्यानेच मिरच्या वाटल्या होत्या.

रामा खोकून खोकून गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी डेपो बंद झाला. नवीन जागा कुठेतरी लांब झाली. कचऱ्यावर जांभ्याची लाल माती दोन हात पसरली, पाइप रोवले, आणि रोपं लावली. पाणी घालायला रोजंदारीवर चिमाला घेतलं, कारण ती तिथेच राहत होती. पहिल्या वर्षी तीनशे रोपांतली दीडशेही उरली नाहीत. गुरं खात. खालच्या वाडीतली माणसं काठ्यांना, चुलीला, वेल चढवायला रोप बुडातून नेत. ती ओरडायची. एक जण म्हणाला होता, ‘कचऱ्यात जगलीस, आता मालकीण झालीस काय गो?’ त्याला उत्तर तिला तेव्हा सुचलं नाही. चार दिवसांनी सुचलं, पण ते शब्दात नव्हतं. तिने वरवंटा उचलला, सगळ्यात वरच्या अंगाला नेऊन रोवला, त्याला शेंदूर फासला, आणि सार्वजनिक नळावर एवढंच म्हणाली की भर दुपारी बाराला पांढरं मुंडासं बांधलेला कोणी म्हातारा तिथे उभा दिसला, हाक मारली तर ओ दिली नाही. बाकीचं वाडीने केलं. प्रत्येक जागेला राखणदार असतो, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. कुठे आहे तेवढंच सांगावं लागतं. आठ दिवसांत तिथे नारळ फुटला, आणि तो महिपतने फोडला. त्यानंतर त्या माळावरची फांदी कोणी तोडली नाही. पडलेली काटकीसुद्धा विचारल्याशिवाय उचलत नसत. दरवर्षी नवी रोपं लागत गेली आणि अकरा वर्षांत रान झालं. आता सकाळी त्यात हळद्या ओरडतो, आणि शहर त्याच्याखालून बूट घालून चालतं.

दहाच्या सुमारास संस्कृती आली. उद्यानाची देखरेख तिच्याकडे होती. शेतकीचं शिकलेली, पंचविशीची, डोक्याला रुमाल, हातात नेहमी वही. तिचे डोळे सुजलेले होते.

‘चिमाकाकी, बघितलंत ना पट्टे?’

‘बघितले.’

‘पाया खणला तर मातीचा थर फुटेल. खालचं पाणी बाहेर येईल, वायू कुठूनही निघेल. मी सगळं लिहून दिलंय. पण ते म्हणतात पुरातन देवस्थान आहे, डेपोच्या आधीचं आहे, लोकांची श्रद्धा आहे. जुनं आहे म्हटलं की कोणी पुढे बोलत नाही.’ तिने वही उघडली. ‘तुम्ही इथे सगळ्यांच्या आधीपासून आहात. हा दगड कधीपासून आहे?’

चिमाने वहीच्या कोऱ्या पानाकडे पाहिलं. पेनाचं टोक टेकलेलं होतं आणि तिथे शाईचा ठिपका मोठा होत होता. अकरा वर्षं तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर काय होईल हे तिला एका क्षणात दिसलं. देव नाही म्हटल्यावर देऊळ नाही, आणि भीतीही नाही. एकेचाळीस वाचतील आणि बाकीच्या बाराशेंवर कोयते चालतील.

‘आधीपासून हाय,’ ती म्हणाली.

संस्कृतीने ते लिहिलं नाही. वही मिटली. ‘बरं,’ म्हणाली आणि निघून गेली. त्या ‘बरं’चा आवाज चिमाच्या कानात दिवसभर राहिला. ती आपल्याच लबाडीत अडकली होती, आणि लबाडी चांगली होती याचा आता काही उपयोग नव्हता. दुपारी तिने नम्रताला फोन केला. नम्रता खेडला राहते. जावई लोट्याला कारखान्यात, पाळीवर. पलीकडून कुकरची शिटी ऐकू आली.

‘आई, तू सांग नाहीतर सांगू नको,’ नम्रता म्हणाली. ‘फक्त माझं बारसं-बिरसं काढू नको. सासूबाईंना मी सांगितलंय, बाबा सरकारी ड्रायव्हर होते. तेवढंच.’

‘होतेच ड्रायव्हर.’

‘कसल्या गाडीवर ते सांगितलं नाही गो मी.’

फोन ठेवल्यावर चिमा पाट्याकडे बघत बसली. पाटा अजून तिच्याकडे होता, भिंतीला टेकून उभा केलेला. अकरा वर्षं ती मिक्सरवर वाटत होती आणि अकरा वर्षं सार बरं लागत नव्हतं. तिला वाटलं, ज्या घराने वरवंटा फेकला त्या घरातलीही माणसं कदाचित आता त्याला नमस्कार करून पुढे चालत असतील. ही गोष्ट तिला हसण्यासारखी वाटायला हवी होती. हसू आलं नाही. फेकलेलं परत घेताना त्याला डोळे लावावे लागतात, नाहीतर ते फेकणाऱ्यांना बघवत नाही. तिला स्वतःला कोणी डोळे लावले नव्हते. ती पडीक जागेत राहत होती.

शनिवारी महिपत आमंत्रण घेऊन आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. रामाचा दोस्त, म्हणून तो तिला वैनी म्हणे.

‘वैनी, उद्या दहाला ये. पयला मान तुजा. नारळ तुज्या हातून रावजीला द्यायचा, मग तो गाऱ्हाणं घालील.’

‘झाडं कशाला तोडताय, भावोजी?’

‘देवाला नुसती सावली पुरत नाय गो. छप्पर लागतं.’

‘अकरा वर्षं बिनछपराचा होता. सर्दी झाली काय त्याला?’

महिपत हसला. ‘डेपोवर घासून घासून तुज्या जिभेला धार आली हाय.’ मग त्याचा चेहरा बदलला. ‘नातू तापात होता तवा मी त्याच्याम्होरं डोकं टेकलंय. डॉक्टरने हात वर केले होते. चौथ्या दिवशी पोर उठून बसला. ते डोळे त्या नवसाचे हायत. मी मोठेपणासाठी करतंय असं समजू नको.’

तो खरं बोलत होता. तेच अवघड होतं. तो लबाड असता तर चिमाला सोपं गेलं असतं. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. पायवाट उतरताना त्याने एका बाजूला झुकून उंडीची आडवी आलेली फांदी हाताने हळूच वर धरली आणि खालून गेला. मोडली नाही. याच झाडावर पिवळा पट्टा होता.

रविवारी दीडशे माणसं तरी जमली. वाडीतली पुढे, शहरातली मागे, फिरायला आलेलीही बूट बाजूला काढून उभी. करंजाला माळा घातल्या होत्या. रावजी धूतवस्त्र नेसून दगडापाशी उभा होता. पंचक्रोशीत देवाला हाक देऊन गाऱ्हाणं घालावं तर त्यानेच, पन्नास वर्षांचा त्याचा मान. संस्कृती कडेला पाइपाशेजारी एकटी. महिपतने नारळ चिमाच्या हातात दिला. आता तिने तो रावजीच्या हातात द्यायचा. रावजीने ओंजळ पुढे केली. चिमाने नारळ दिला नाही. नारळ तिला वरवंट्यापेक्षा हलका वाटला. या माळावर आपण आयुष्यभर दुसऱ्याच्या हातातलं पडलेलं उचललं, हातात दिलेलं हे पहिलंच, असं काहीसं तिच्या मनात आलं, आणि ते पुरतं येण्याआधीच तिचा आवाज निघाला होता.

‘बा राखणदारा म्हाराजा!’

बाईने गाऱ्हाणं घातलेलं तिथे कोणी ऐकलं नव्हतं. पण हाक पडली होती, आणि हाकेला काय म्हणायचं हे माणसांच्या घशात आधीपासून होतं.

‘व्हय म्हाराजा!’

‘आज तुज्या पायाशी ही समदी लेकरं जमली हायत…’

‘व्हय म्हाराजा!’

‘ती उभी हायत त्या मातीखाली ह्या शहराचा चाळीस वर्षांचा कचरा हाय, आणि तो यांच्याच घरातला हाय…’

‘व्हय म्हाराजा!’ मागच्या बाजूला कोणीतरी हसलं. महिपत हसला नाही. ‘वैनी,’ तो हळूच म्हणाला. चिमाने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्या वरखाली डोळ्यांकडे बघत होती.

‘तू कोणाच्या तरी घरातला वरवंटा. मिक्सर आला तवा तुला टाकलान. रामाने तुला डेपोवरून उचललान, आणि मी तुज्याने अठरा वर्षं वाटण वाटलंय. तुला एका पोरीच्या—’ तिथे ती अडली. पाच बोटं दिसली. ती तिने आपल्यापाशी ठेवली. ‘तुज्याने अठरा वर्षं वाटण वाटलंय म्हाराजा.’

पुढच्या दोन रांगांतलं व्हय घशातच राहिलं. मागच्यांना शब्द नीट पोचत नव्हते, फक्त चाल पोचत होती. त्यांनी दणकून म्हटलं, ‘व्हय म्हाराजा!’

‘अकरा वर्षांमागं, ह्याच हातांनी, मी तुला हितं पुरून उभा केलंय. मुंडासंवाला म्हातारा कोणी नव्हता. मीच होतंय. झाडं वाचावीत म्हणून केलंय, आणि ती वाचली.’

‘व्हय म्हाराजा!’ मागून पुन्हा. आता पुढची माणसं वळून त्यांना गप्प करू लागली. कुजबुज मागे सरकत गेली आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचली. चिमाच्या मनात भीती होती, पण ती जुनी होती, सवयीची, दवाखान्याच्या ढिगावर पाय टाकतानाची. पाय टाकलाच आहे तर पुढचाही टाकायचा असतो.

‘आता तुजं काम झालं. तुला मी घरी न्हेतंय. आणि यापुढं ह्या रानातली फांदी जो कोण तोडील, त्याला तुज्याजवळ नाय, माज्याजवळ जबाब द्यावा लागंल. ह्याला समद्यांचं कबूल हाय म्हाराजा!’

कोणी काही म्हणालं नाही. हळद्या एकदा ओरडला. घातलेलं गाऱ्हाणं अर्धं सोडत नाहीत. होकाराशिवाय तसंच लोंबत राहिलं तर ते ऐकणाऱ्यांच्या घरावर येतं, हे तिथे लहान पोरांनाही ठाऊक होतं. माणसं एकमेकांकडे आणि मग रावजीकडे बघू लागली. रावजीची ओंजळ अजून रिकामी पुढे केलेली होती. त्याने ती मिटली. पन्नास वर्षं तो हाक घालत आला होता, ओ कधी दिली नव्हती.

‘व्हय म्हाराजा,’ तो पुटपुटला.

मग पुढच्या रांगेने म्हटलं, मग मागच्या, सुटीसुटी, ओझं उतरवावं तशी. महिपतचे ओठ हलले. आवाज आला की नाही ते चिमाला कळलं नाही. तिने नारळ जांभ्याच्या चिऱ्यावर फोडला, खाली बसली आणि वरवंटा दोन्ही हातांनी हलवू लागली. मुळांनी धरून ठेवला होता. तिसऱ्या हिसक्याला निघाला.

‘डोळे तरी ठेव गो त्याचे,’ महिपत म्हणाला. त्याने तळहात पुढे केला.

तिने नखाने दोन्ही डोळे सोडवले आणि त्याच्या तळहातावर ठेवले. ‘तुज्या नातवाचा ताप उतरला तो उतरलाच, भावोजी. ते कोण काढून घेत नाय. देव्हाऱ्यात ठेव.’

संस्कृती धावत आली. वही उघडलेलीच होती. ‘काकी, हे लिहून द्याल?’

‘तू लिही. मी सही करतंय. पडीक नको लिहू.’

सोमवारी सव्वासहाला ती पुन्हा वर गेली. हाताला शेंदूर अजून होता. रात्री हात आणि वरवंटा चुन्याच्या दगडाने घासूनही तो पुरता गेला नव्हता, आणि साराला किंचित तेलकट चव आली होती. फ्लेक्स खाली पडला होता. पांढऱ्या बुटांचा एक जण रोजच्या जागी थांबला, हात जोडायला वर नेले आणि तसेच धरून म्हणाला, ‘इथला देव कुठे गेला हो?’

‘घरी,’ चिमा म्हणाली. ‘वाटण वाटतोय.’

तो गेल्यावर ती खड्ड्यात वाकली. तळाशी, पावसांनी पातळ झालेल्या लाल मातीतून दुधाच्या पिशवीचा निळा कोपरा वर आला होता. अकरा वर्षांत त्याचा रंगही गेला नव्हता. पायाने माती ओढून झाकता आला असता. तिने नाही झाकला. उलट येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून बाजूचं गवत उपटून टाकलं.

मग तिने झाडं मोजली. एकेचाळीस उभी होती. पण उताराच्या बाजूच्या एका करंजाची मनगटाएवढी फांदी नव्हती. घाव ताजा, तिरका, एकाच फटक्यात. अकरा वर्षांतला पहिला. तिने घावावर अंगठा ठेवला. ओला होता. फांदी ओढत नेली होती आणि पानं गळत गेली होती, दहा-बारा पावलांवर एक, पायवाट सोडून सरळ खालच्या वाडीकडे. चिमाने पदर खोचला आणि पानांमागून उतरू लागली. पानं दगडी गडग्यापाशी वळली, विहिरीवरून पुढे गेली आणि एका घरासमोरच्या खळ्यात संपली. फांदी तिथेच पडली होती, पानांसकट. कोयता तिच्यावर आडवा ठेवलेला. दार लोटलेलं होतं. आत कोणीतरी बोलत होतं ते गप्प झालं.

ती खळ्याच्या मधोमध उभी राहिली.

‘मी आलंय,’ ती म्हणाली. ‘चिमा. डेपोवरची. बाहेर ये.’

आतून पावलं वाजली आणि थांबली. दार उघडेपर्यंत ती तिथून हलली नाही.